कासवपेठेतली लाल खिडकी

सोनटक्के काकांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, आणि समोरच्या बंद दारामागून रोज रंगाच्या फवाऱ्याचा वास जिन्यात यायचा. ऑफिसला निघता निघता मी बेल दाबली. मनात दोन खणखणीत वाक्यं तयार होती. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या माणसाने. कपाळावर भिंग बांधलेलं, बनियनवर सात रंगांचे डाग आणि हातात वीतभर उंचीचा एक मनोरा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, "हलू नका. आत्ताच चिकटवलाय."

आणि आत निघून गेले. मी उंबऱ्यात उभी, खांद्याला पर्स, एका हातात डबा आणि दुसऱ्यात मनोरा. माझी बस गेली. वीस मिनिटांनी ते चहाचे दोन कप घेऊन आले, मनोऱ्याला टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, हं, बोला आता, वासाचं ना? मी म्हटलं हो. तर म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, एकदा तो लागला की दसऱ्यापर्यंत वास बंद, तेवढी कळ काढा. भांडण तिथेच संपलं. मला घाईचा रोग आहे हे त्यांनी त्या वीस मिनिटांत ओळखलं असणार, कारण पुढची बारा वर्षं त्यांनी मला 'घाईबाई'च म्हटलं. एरवी अगं-तुगं करायचे; टोमणा मारायचा असला की 'अहो घाईबाई, बसा'.

काका दातांचे कारागीर. बुधवार पेठेत मागच्या बोळात एक खोली होती, तिथे चाळीस वर्षं त्यांनी डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, वेळ झाला नाही. नातलग म्हणाल तर एक भाचा, प्रसाद, वाघोलीला. दातांच्या कामातून त्यांची हत्यारं आली होती, प्लास्टर आलं होतं, मेण आलं होतं आणि एक तत्त्वही आलं होतं. दात खरा वाटायला हवा असेल तर तो थोडा मळवावा लागतो, ते सांगायचे. कडेला पिवळट, मुळाशी तपकिरी. "पांढरं म्हणजे खोटं," हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

निवृत्तीनंतर, खरं तर त्याच्या बऱ्याच आधीपासून, हा माणूस आपल्या हॉलमध्ये एक गाव बांधत होता. गावाचं नाव कासवपेठ. जेवणाच्या दोन टेबलांएवढं कासव, त्याच्या पाठीवर डोंगर, डोंगरावर सात पेठा, पूल, पायऱ्या, नऊ मनोरे आणि नखाएवढी दीड-दोनशे माणसं. माणसं म्हणायची इतकंच. भजी तळणारा राक्षस होता. छत्र्या दुरुस्त करणारी चेटकीण होती. वेशीवर तीन डोक्यांचा पहारेकरी होता आणि त्याची तिन्ही डोकी एकमेकांशी बोलत नव्हती. सगळ्यांत वरच्या गच्चीवर एक अजगरासारखा ड्रॅगन वेटोळं घालून झोपला होता. काका त्याला 'जुने भाडेकरू' म्हणायचे. पागडीवर राहतात, हलणार नाहीत. त्याची जीभ कवळीच्या गुलाबी मसाल्याची होती. घरांची कौलं पिस्त्याच्या टरफलांची, रस्त्यावरची माती म्हणजे वाळवलेला चोथा. सोसायटीतल्या निम्म्या घरांचा चहाचा चोथा काका गोळा करायचे, आणि कुणी मसाल्याचा चहा केला असेल तर परत करायचे. वेलचीची सालं रस्त्यावर दगडांसारखी दिसतात म्हणे.

दिवाळीत सोसायटीची मुलं खाली किल्ला करायची. एका वर्षी आमचे चेअरमन तावातावाने वर आले. एवढी कला हातात आहे तर ही परदेशी भुतं कसली करत बसता, आपला एखादा गड करा की, असं त्यांचं म्हणणं. काका ब्रश पुसत होते. म्हणाले, "गड केला तर चुका काढायला अख्खं पुणं येईल. कासवपेठेत अजून इतिहासाचे जाणकार पोचलेले नाहीत." चेअरमन खाली गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर मुलांच्या किल्ल्यावरच्या प्रत्येक मावळ्याला नव्याने मिशा आल्या होत्या, प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि एकाला तर जांभई. ते कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती.

कधीतरी आयटीतली दोन-चार पोरं यायची. कुठल्या तरी ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. पोरं दारातच 'ओ माय गॉड' करायची, काका, हे नेक्स्ट लेव्हल आहे, एक्झिबिशनला द्या ना, म्हणायची. काका त्यांना चपला बाहेर काढायला सांगायचे आणि अजून झालेलं नाही म्हणायचे. कधी होईल याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे होतं. शेवटचं माणूस रंगवून झालं की सगळ्या गावाला एकदाच, एका हाताने, वार्निशचा फवारा. बिनचमकीचं वार्निश. त्याशिवाय रंग बोटानेही निघतो. एकदा ते बसलं की पन्नास वर्षं बघायला नको. तुकड्या-तुकड्याने मारलं तर पेठापेठांत फरक दिसतो, म्हणून त्यांनी तोवर ते गावाला मारलंच नव्हतं.

आणि या वार्निशचा एकच शत्रू. दमट हवा.

त्यांच्या खिडकीत एक पांढरा बुटका उभा असायचा. कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला, अंगठ्याएवढा, आणि नखशिखांत पिठात लोळून आल्यासारखा. तारुण्यात एका श्रावणात त्यांनी घाईने वार्निश मारलं आणि वाळताना सगळ्या रंगावर पांढरं धुकं धरलं. रंग आत शाबूत, पण वरून दिसत नाही. बुटक्याला ते 'आमचे गुरुजी' म्हणत. तेव्हापासून नियम होता. पावसाळ्यात नाही, आणि एरवीही पापडाला विचारल्याशिवाय नाही.

पापड म्हणजे आपला उडदाचा पापड. तो भाजायचा, खिडकीच्या कट्ट्यावर उघडा ठेवायचा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग मोडायचा. कटकन मोडला तर फवारा मारायचा. सादळला असेल, वाकला असेल, तर डबा कपाटात आणि पापड पोटात. मी हसायचे. हवामानाचं सगळं मोबाईलवर दिसतं काका, म्हणायचे. ते म्हणायचे, मोबाईल सगळ्या पुण्याची हवा सांगतो, पापड माझ्या हॉलची सांगतो. भाजायला मी लागायचे, कारण त्यांच्या हातून तो जळायचा. हिवाळाभर लहानसहान कामांसाठी समोरून हाक यायची, "घाईबाई, पापड." मी भाजून नेऊन द्यायचे आणि ऑफिसला पळायचे.

डोळ्यांचं सुरू झालं त्याला आता पाच वर्षं झाली. आधी उजवा गेला, मधोमध काळा डाग. डाव्यालाही लागण होती, पण डॉक्टर म्हणाले दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर हा टिकेल. खंड पाडायचा नाही. काका म्हणाले, चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडातलं निस्तरलं, आता माझ्या डोळ्यातलं कुणीतरी निस्तरू दे. रिक्षाने मी घेऊन जायचे. तिथे भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगत. काका त्या तक्त्याला मानायचेच नाहीत. ती अक्षरं पाठ होतात, म्हणायचे.

त्यांचा तक्ता घरी होता. तिसऱ्या मनोऱ्यावर, वरून दुसऱ्या मजल्याला, तुरीच्या डाळीएवढी एक खिडकी होती. लाल. सगळ्या गावात तेवढी एकच लाल. आत कोण राहतं हे मी कितीदा विचारलं असेल. कोणीतरी जागं आहे, एवढंच सांगायचे. रोज सकाळी चहाच्या आधी ते टेबलाच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहायचे, भिंग लावायचे आणि डाव्या डोळ्याने ती खिडकी शोधायचे. सापडली की म्हणायचे, आहे. मग दिवस सुरू. मला एकदा सांगितलं होतं त्यांनी, अगदी साधेपणाने, पंखा लावायला सांगावा तसं. "खिडकी दिसते तोवर मी ती सुई घेईन. नाही दिसली की बास. उगाच डोळ्यात भोकं पाडून घ्यायची नाहीत." मी ते ऐकलं होतं. ऐकलं होतं हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या वर्षी सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डरने गणपतीच्या आधी घरं रिकामी करायला सांगितली. आम्ही जवळच भाड्याने घर घेतलं, काका प्रसादकडे वाघोलीला जाणार होते. शेवटचं माणूस, एक पाणक्या, जुलैत रंगवून झालं होतं. एका डोळ्याने त्या एका पाणक्याला त्यांना चार महिने लागले. आता दसऱ्याची वाट बघायला वेळ नव्हता. सात तुकडे करून टेम्पोतून न्यायचं म्हणजे वार्निश हवंच, नाहीतर वाघोलीपर्यंत निम्मं गाव टेम्पोवाल्या पोरांच्या हाताला लागून जाणार. मग आम्ही रोज पापड भाजायला लागलो. आठ दिवस तो वाकत होता. काका काही न बोलता खाऊन टाकायचे.

नवव्या दिवशी ऊन पडलं. चांगलं लखलखीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टेम्पो होता, आणि आमचं सामान न्यायला माणसं नेमकी त्या नवव्या दिवशीच येऊन उभी राहिली होती. फ्रिज जिन्यात अडकला होता. काकांनी समोरून हाक मारली, पापड ठेव गं. मी ठेवते म्हटलं आणि विसरले. मग पुन्हा हाक आली, पंधरा मिनिटं झाली का? तेव्हा मी गॅस पेटवला, पापड भाजला, धावत जाऊन त्यांच्या कट्ट्यावर टेकवला. ते टेबलापाशी डबा हलवत उभे होते, त्यांना कट्टा दिसत नव्हता.

"झाली पंधरा मिनिटं?"

"झाली," मी म्हटलं.

त्यांनी चाचपडत पापड उचलला, कानाजवळ नेला आणि मोडला. कटकन आवाज आला. दोन मिनिटांपूर्वी भाजलेला पापड कुठल्याही हवेत कटकनच मोडतो. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. ऊन होतंच की, मी स्वतःला म्हटलं. मला जायला सांगून त्यांनी दार लावून घेतलं, वास नको म्हणून.

तासाभराने मी गेले तेव्हा ते दाराशीच खुर्चीत बसले होते. हॉलमध्ये पाहिलं. कासवपेठ पांढरी झाली होती. राक्षस पांढरा, भजी पांढरी, चेटकिणीच्या छत्र्या, ड्रॅगनची जीभ, चोथ्याचे रस्ते, सगळं. त्या भरल्या गावात एक रंग म्हणून शिल्लक नव्हता. वीस-बावीस वर्षांचं काम होतं ते.

काका शांत होते. फवारा कसा बसलाय, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून 'छान' गेलं. ते म्हणाले, मला आज काहीच नीट दिसत नाही गं, वासाने डोळे चुरचुरताहेत बहुतेक. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. तेव्हा सांगता आलं असतं. फ्रिजवाले हाका मारत होते, हे खरं आहे, पण ते कारण नाही. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता. भित्रेपणाला दुसरं नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी प्रसाद टेम्पो घेऊन आला. त्याने हे गाव कधी धड पाहिलंच नव्हतं. जिन्यात मला म्हणाला, मामाने बर्फातलं गाव काय भारी केलंय. मी मान हलवली. खिडकीतला पांढरा बुटका काकांनी खिशात घातला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते टेम्पोत पुढे बसले.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. घर चांगलं आहे, भाचेसून जेवायला नीट वाढते, लिफ्ट आहे. मग जरा थांबून म्हणाले, खिडकी दिसत नाही गं आता. मी म्हटलं, जागा नवीन आहे, उजेड वेगळा असेल, दमलाही असाल. हो, असेल, म्हणाले. फोन ठेवल्यावर मी ठरवलं की येत्या रविवारी जाऊन सांगायचं. मग गणपती आले, मग दिवाळी, मग ऑफिसचं डिसेंबरअखेरचं काम. सहा महिने मी रोज ठरवत होते. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची घाई करणाऱ्या बाईला एवढ्या एका गोष्टीची घाई झाली नाही.

फेब्रुवारीत मी वाघोलीला गेले. दार प्रसादच्या बायकोने उघडलं आणि आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात सांगायला लागली. मामांनी इंजेक्शनं ऑगस्टपासूनच बंद केली. आम्ही दोघांनी हाता-पाया पडून सांगितलं, ऐकलं नाही. काय तर म्हणे खिडकी दिसत नाही. आम्हाला वाटलं घराची खिडकी, ताई, आम्ही पडदे काढून टाकले. मग डिसेंबरात डोळ्यात रक्त उतरलं. आता नेलं तर डॉक्टर म्हणतात, आतमध्ये व्रण धरलाय, काही करता येणार नाही, नियमित घेतली असती तर टिकला असता.

ती चहा टाकायला गेली. मी तिथेच पॅसेजमध्ये उभी होते. तो डोळा आजाराने नाही गेला. तो मी घालवला, एका शब्दाने. आणि मग सहा महिने रोज थोडा थोडा घालवत राहिले.

काका खोलीत कासवपेठेच्या ठरलेल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. गाव नीट जोडलेलं, वर धूळ नाही. पांढरंच्या पांढरं. माझ्या पावलांवरूनच त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या कानाजवळून कुठेतरी गेली. अहो घाईबाई, सहा महिने लागले होय वाघोलीला यायला, म्हणाले. ट्रॅफिक आहे पण इतका नाही. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. चहा येऊन गार झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग मी बोलले, कारण आणखी एक मिनिट गप्प राहिले असते तर परत कधीच बोलले नसते.

"काका, त्या दिवशी पंधरा मिनिटं झाली नव्हती."

बाहेर कुणाच्या तरी घरचा मिक्सर चालू होता, तो थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"किती झाली होती?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा ठेवला मी पापड."

"म्हणजे पांढरं धरलं."

"हो."

"गुरुजींसारखं?"

"हो, काका. सगळं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एक कानाखाली द्यायला हवी होती त्यांनी मला, मी तशी बसलेही होते जवळ. त्यांनी फक्त दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोटं उघडली-मिटली. डोळ्याचं त्यांनी काढलंच नाही. हिशेब त्यांच्या डोक्यात पुरा झालेला होता हे मला दिसत होतं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखा. मी माफी मागितली. ती कुठे पोचली नाही, आणि पोचावी असं काही तिच्यात नव्हतंही.

मग ते उठले. टेबलाच्या कडेकडेने हात नेत वेशीपर्यंत आले, पुलावरून बोटं चालवली, पायऱ्या मोजल्या. पहिला मनोरा, दुसरा, तिसरा. वरून दुसरा मजला. अंगठा तोंडात घालून ओला केला आणि त्या जागी दाबला, हळूच, पोराच्या नाकाला लावावा तसा. अंगठा काढला. ओल्यात ते धुकं क्षणभर विरून गेलं होतं, आणि त्या पांढऱ्या गावात डाळीएवढी खिडकी लाल दिसत होती. पहिल्या दिवशीइतकी लाल.

"दिसली?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर भिंतीकडे होती.

"दिसली."

"लाल?"

"लाल आहे, काका."

माझ्या पर्समध्ये फोन वाजत होता, परतीची रिक्षा खाली आली होती. मी तो वाजू दिला. खिडकी वाळत होती, कडेने पांढरी होत आत सरकत होती. काकांनी अंगठा पुन्हा ओला केला, मनोऱ्याच्या कडेने चाचपडत खालच्या मजल्यावर आले आणि दाबला.

"आणि ही?"

"निळी," मी म्हटलं. तोवर लाल खिडकी गेली होती.